शिक्षकाची पात्रता : दगड एकदाचा, गाळ दरसालचा

काशीत दशाश्वमेधावरून अस्सीच्या दिशेने चालू लागले की अहिल्याबाई घाटाला लागूनच मुन्शी घाट येतो. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो बांधून घेतला, म्हणून हे नाव. घाट दगडी आहे, भक्कम आहे, बांधणाऱ्याचे नाव त्याला कायमचे चिकटले आहे. पण दर पावसाळ्यात गंगा चढते, पायऱ्या पाण्याखाली जातात आणि पाणी उतरले की त्यांच्यावर चिकट गाळाचा जाड थर बसतो. पाण्याचे फवारे मारून तो धुऊन काढला नाही, तर भक्कम पायऱ्यांवरही पाय ठरत नाही. शिक्षकाच्या पात्रतेकडे आपण पाहतो ते असे, की घाट बांधून झाला, कोनशिला बसली, आता काम संपले. डी.एड. झाले, बी.एड. झाले, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, नेमणूक झाली; त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांत त्या पात्रतेचे काय होते, हे विचारायची कोणाची जबाबदारी आहे हेच ठरलेले नाही. मग कधीतरी कोणाला तरी गाळ दिसतो, आणि तो काढण्याऐवजी घाटच पुन्हा बांधून दाखव असा हुकूम निघतो. महाराष्ट्रातले आणि बनारसच्या बाजूचेही लाखो शिक्षक आज याच हुकुमाखाली आहेत. पात्रता टिकते कशी आणि जाते कशी, याचा हा आढावा एकाच मुद्द्याभोवती आहे: आपण प्रवेशद्वाराची राखण केली, देखभालीची व्यवस्था केलीच नाही, आणि त्यामुळे शिक्षकाच्या पात्रतेला वर्गातल्या कामापेक्षा कागदाचाच धोका मोठा झाला.

कागद नव्हता तेव्हा काय होते, ते काशीतच पाहता येते. एकोणिसाव्या शतकातले मोठे गणिती बापूदेव शास्त्री हे घराण्याने मराठी. नागपुरात ते शिकले, ढुंढिराज मिश्रांकडे त्यांनी भास्कराचार्यांची ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ अभ्यासले. तिथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत ते भरले आणि त्याच्यामार्फत सिहोरच्या संस्कृत पाठशाळेत गेले. १८४२ साली ते बनारसच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. १७९१ साली जोनाथन डंकनच्या पुढाकाराने निघालेले हे कॉलेज म्हणजे आजचे संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठ. बापूदेवांपाशी आजच्या अर्थाने एकही पदवी नव्हती. त्यांची पात्रता दोन गोष्टींवर उभी होती: जाणकाराने घेतलेली पारख आणि नंतर आयुष्यभर चारचौघांत दिसलेले काम, म्हणजे ग्रंथ, पंचांग, शिष्य आणि वाद. काशीच्या पंडितसभेचा रिवाजच तो होता. शास्त्रार्थात हरलेल्या पंडिताचे कोणी प्रमाणपत्र काढून घेत नसे, पण त्याच्याकडे येणारे विद्यार्थी कमी होत. पात्रता रोज तपासली जाई, आणि तपासणारे त्याच विद्येतले असत.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याआधी तिच्या दाराशी थांबायला हवे. आत कोणाला घ्यायचे हे तीच सभा ठरवी, आणि बायका व बहुसंख्य जाती त्या दाराबाहेरच होत्या. विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात जमून सह्या करणारे पंडित विद्येचा निवाडा करीत, तसा कोणत्या ब्राह्मणांच्या पंक्तीला कोणी बसावे याचाही करीत. पुण्यात १८४८ साली फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली तेव्हा सावित्रीबाईंना कोणत्याही पंडितसभेने मान्यता दिली नसती. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते अध्यापनाचे प्रशिक्षण आणि मुलींच्या जाहीर परीक्षा. १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत पुण्यात या परीक्षा झाल्या, लोक त्या पाहायला गर्दी करून आले, आणि मुलींनी दिलेली उत्तरे हीच शिक्षकांच्या पात्रतेची सनद ठरली. म्हणून सरकारी प्रमाणपत्राला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्यांना सभेने बाहेर ठेवले त्यांना आत आणणारा दरवाजा तोच होता. मात्र काशीची सभा आणि पुण्याची जाहीर परीक्षा या दोहोंत एक गोष्ट समान होती: शिक्षकाला शिकवताना किंवा त्याच्या शिकवण्याचे फळ पाहून जोखले जाई. नेमकी हीच गोष्ट पुढे कागदात हरवली.

आजचा कागदी डोलारा तसा अलीकडचा आहे. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद म्हणजे एनसीटीई आली. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम २३ ने किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार केंद्राने नेमलेल्या संस्थेला दिला, आणि २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेने एनसीटीईने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी टीईटी बंधनकारक केली. महाराष्ट्रात ती २०१३ पासून होते. १५० प्रश्न, अडीच तास, उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, आरक्षित प्रवर्गांना सवलत. सुरुवातीला या प्रमाणपत्राची मुदत सात वर्षे होती. जून २०२१ मध्ये केंद्राने ती आजीवन केली, तीही २०११ पासून मागे जाऊन. ही दुरुस्ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. सात वर्षांची मुदत नोकरी न मिळालेल्या उमेदवारावर अन्याय करीत होती, म्हणून ती काढणे योग्यच होते. पण मुदत असण्यात निदान एवढी कबुली होती की पात्रता शिळी होऊ शकते. मुदत काढली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही. देखभालीचा विचार सुरू होण्याआधीच संपला.

दारावरची राखण तरी नीट झाली का? महाराष्ट्रातल्या जवळपास तीनशे अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला गेला. २०१२ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालाने सांगितले की देशातल्या शिक्षक-प्रशिक्षण संस्थांपैकी सुमारे ९० टक्के खाजगी आहेत. आणि तपासलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यालयांपैकी बहुतेक आयोगाला चालवण्याच्या लायकीची वाटली नाहीत. पदविकेवर भरवसा नाही म्हणून टीईटीचा चाप लावला, तर चापच विकला गेला. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या महाराष्ट्राच्या टीईटीत गुण वाढवून देण्याचा बाजार झाल्याचे पुणे पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघड केले, खुद्द परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त अटकेत गेले, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ७,८७४ उमेदवार गैरप्रकारात दोषी ठरवून बाद केले गेले. २०२५ मध्ये नागपूर विभागात पगारासाठी लागणाऱ्या शालार्थ आयडी बोगस काढल्याचे प्रकरण बाहेर आले. तिथे तर पात्रतेचा प्रश्नच मागे पडला होता; मान्यतेचा बनाव करून माणसे थेट पगारपत्रकात घुसवल्याचा आरोप आहे आणि शिक्षण खात्याचे अधिकारीच त्यात अडकले. उत्तर प्रदेशात बनावट बी.एड. पदव्यांवर आणि संपूर्णानंद संस्कृत विद्यापीठाच्या नावाने काढलेल्या खोट्या गुणपत्रकांवर नोकऱ्या मिळवल्याच्या चौकशा विशेष पथकाने वर्षानुवर्षे केल्या. ज्या विद्यापीठात बापूदेवांनी बिनपदवीचे शिकवले, त्याच्याच पदव्या खोट्या छापल्या जाव्यात, यावरून कागदाला किती किंमत आली आणि विद्येची किती उतरली ते कळते. जिथे एकाच कागदावर तीस वर्षांचा पगार अवलंबून असतो, तिथे त्या कागदाचा बाजार होणारच.

या पार्श्वभूमीवर १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला पाहिजे. अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि मनमोहन यांच्या खंडपीठाने ठरवले की कायदा येण्याआधी लागलेल्या सेवेतील शिक्षकांनाही टीईटी आवश्यक आहे. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी अवधी आहे त्यांना नोकरीपुरती सूट, पदोन्नती हवी असेल तर परीक्षा. बाकीच्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचे, नाहीतर सक्तीची निवृत्ती. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला. आता जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेतल्या दोन शिक्षिका डोळ्यांसमोर आणा, दोघीही १९९५ साली लागलेल्या. एकीचा जन्म ऑगस्ट १९७२ चा, दुसरीचा ऑक्टोबर १९७२ चा. अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिली ऑगस्ट २०३० अखेर निवृत्त होईल, दुसरी ऑक्टोबर अखेर. पहिलीला परीक्षा नाही. दुसरी तीस वर्षे शिकवून झाल्यावर बालमानसशास्त्राचे, गणिताचे आणि परिसर अभ्यासाचे बहुपर्यायी प्रश्न सोडवील. न सुटल्यास घरी जाईल. दोघींच्या वर्गात काय चालते, मुले वाचतात का, हे या विभागणीत कुठेच नाही. निकाल कायद्याच्या शब्दाला धरून आहे. न्यायालयापुढे कलम २३ होते आणि मुलाचा दर्जेदार शिक्षणाचा हक्क होता. देखभालीची कोणतीही व्यवस्था त्याच्यापुढे नव्हती, कारण ती अस्तित्वातच नाही. जे सरकारने पंधरा वर्षांत उभे केले नाही त्याची उणीव न्यायालयाने हाताशी असलेल्या एकमेव साधनाने भरून काढली.

यावर रास्त आक्षेप असा, की पहिलीच्या मुलांना शिकवणाऱ्याला शालेय दर्जाची परीक्षा अवघड का जावी? आणि गेली तर त्याने शिकवावे का? हा प्रश्न टाळून चालणार नाही. शिक्षक संघटना तो टाळतात तेव्हा समाजाची सहानुभूती गमावतात. विषयाचे किमान ज्ञान ही मागायचीच गोष्ट आहे, आणि ज्याला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही त्याची ज्येष्ठता मुलांच्या उपयोगाची नाही. पण टीईटी हे दाराशी लावायचे माप आहे. हजारो नवख्यांतून कोणाला आत घ्यायचे हे ठरवायला ते पुरते, कारण नवख्याचे काम अजून दिसलेलेच नसते. तीस वर्षे काम केलेल्याचे काम दिसते आहे, मोजता येते आहे, तरी ते न पाहता त्याला पुन्हा नवख्यांच्या रांगेत उभे करणे म्हणजे माप चुकीच्या जागी लावणे. शिवाय अशा परीक्षेने बाजार पुन्हा तेजीत येतो. २३ नोव्हेंबर २०२५ च्या महाराष्ट्र टीईटीला पावणेपाच लाखांच्या घरात अर्ज आले, आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर पेपर पुरवण्याचे आमिष दाखवणारी टोळी कोल्हापूर जिल्ह्यात पोलिसांनी पकडली. ५ डिसेंबरला या सक्तीविरुद्ध शिक्षक शाळा बंद ठेवून रस्त्यावर उतरले. उत्तर प्रदेश सरकारनेही फेरविचार याचिकेची वाट धरली. त्या राज्याला तर हे दुखणे जुने आहे. तिथले मानधनावरचे सुमारे १ लाख ७८ हजार शिक्षामित्र सहायक अध्यापक म्हणून नियमित करण्याचा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०१७ रोजी ते कायम केले, आणि सेवेत सामावलेली माणसे पुन्हा दहा हजार रुपयांच्या मानधनावर आली. सरकारने नियम वाकवून माणसे भरली, वर्षे गेली, आणि शिक्षा माणसांना झाली.

पात्रता धोक्यात येण्याच्या बाकीच्या वाटा पाहिल्या तर हेच चित्र दिसते. शिक्षकाच्या स्वतःच्या वागणुकीतून येणारे धोके कायद्यात स्पष्ट आहेत आणि ते असलेच पाहिजेत. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ मुलाला मारणे आणि मानसिक छळ करणे मना करते, कलम २४ वेळेवर येणे आणि अभ्यासक्रम पुरा करणे बंधनकारक करते, कलम २८ खाजगी शिकवणीला बंदी घालते. खाजगी शाळांसाठी महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. गैरवर्तन, नैतिक अधःपतन, कामातला सततचा निष्काळजीपणा आणि अकार्यक्षमता ही बडतर्फीची कारणे तिच्यात दिली आहेत. पण चौकशी करावी लागते तीन सदस्यांच्या समितीपुढे: एक संस्थेचा, एक शिक्षकाने सुचवलेला, एक पुरस्कारप्राप्त शिक्षक. निर्णय मान्य नसेल तर ३० दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे जाता येते. ही तरतूद चांगली आहे, आणि तिसऱ्या सदस्याची योजना तर काशीच्या सभेची आठवण करून देणारी आहे. मात्र म्युनिसिपल आणि जिल्हा परिषदेच्या शाळांपासून अनुदानित संस्थांपर्यंत शिक्षकाची झोप उडते ती याने नाही. त्याला भीती असते ती शिक्षणाधिकाऱ्याकडे अडकलेल्या वैयक्तिक मान्यतेची, न मिळालेल्या शालार्थ आयडीची, पटसंख्या घसरल्याने संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर शिक्षकसंख्येत, ‘अतिरिक्त’ ठरण्याची. त्यात धोरण मध्येच उलटते. एनसीटीईने जून २०१८ मध्ये बी.एड. धारकांना पहिली ते पाचवी खुली केली, सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ ला ते रद्द केले, आणि आधीच लागलेल्यांना वाचवायला एप्रिल २०२४ मध्ये ब्रिज कोर्सच्या अटीवर खुलासा करावा लागला. यातल्या एकाही प्रसंगात शिक्षकाने वर्गात काही चूक केलेली नव्हती.

देखभालीच्या नावाने काहीच नाही असे मात्र नाही. बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी, त्यासाठी प्रशिक्षणाची अट. शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनी भरवायच्या शिक्षण परिषदा. ऑगस्ट २०१९ मध्ये ४२ लाख शिक्षकांचे उद्दिष्ट ठेवून सुरू झालेले ‘निष्ठा’, जे करोनाकाळात दीक्षा ॲपवर गेले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचवलेले वर्षाला ५० तास. कागदावर हे भरघोस आहे. प्रत्यक्षात व्हिडिओ चालू ठेवायचा, शेवटच्या प्रश्नमंजूषेत ७० टक्के मिळवायचे, प्रमाणपत्र उतरवून घ्यायचे आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. उत्तरे त्याच ग्रुपवर आधीच आलेली असतात. याला केवळ शिक्षकाचा आळस म्हणणे सोपे आहे. पण शिकलेल्या गोष्टीचे पुढे वर्गात काय झाले हे पाहायला कोणी येत नाही, आणि आले तरी माहिती भरली का एवढेच विचारतात, हे ज्याला कळले तो प्रमाणपत्रच गोळा करणार. वेतनश्रेणीच्या प्रशिक्षणाचाही पगाराशी संबंध आहे, पात्रतेशी नाही. प्रशिक्षणाने काय बदलले याचा निवाडा त्यात नाही.

दुसरे व्यवसाय काय करतात? महाराष्ट्रातल्या डॉक्टरला वैद्यक परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. परिसंवादांना हजेरी लावून गुण जमवण्याबद्दल तिथेही कुरकुर आहे, म्हणजे नुसती मुदत घातल्याने काम भागत नाही. स्कॉटलंडचे उदाहरण जास्त उपयोगी आहे. तिथे १९६५ पासून शिक्षकांची स्वतःची परिषद आहे, नोंदणी तिच्याकडे, शिस्तभंगाचा निवाडाही तिच्याकडे. २०१४ पासून प्रत्येक शिक्षकाने दर पाच वर्षांनी आपल्या व्यावसायिक वाढीची नोंद तिच्याकडे पक्की करायची. त्याआधी दरवर्षी शाळेतल्या वरिष्ठ सहकाऱ्याशी बसून काय शिकलो, वर्गात काय बदलले, पुढे काय हवे यावर बोलणे होते. आणि वर्षाला ३५ तास यासाठी नोकरीच्या करारातच राखलेले आहेत. तिथे परीक्षा नाही, पण कामाची चर्चा चुकत नाही. आपल्याकडे वकिलांची परिषद आहे, डॉक्टरांची आहे, वास्तुविशारदांची आहे. शिक्षकांची, शिक्षकांनी चालवलेली, नोंदणी ठेवणारी आणि काढून घेऊ शकणारी परिषद मात्र नाही. एनसीटीई ही प्रामुख्याने प्रशिक्षण संस्थांची नियामक आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांसाठी राष्ट्रीय व्यावसायिक मानके सांगितली, त्यांचा मार्गदर्शक दस्तऐवजही निघाला. पण ती मानके लावून पाहणारे हात कोणाचे, हे ठरलेले नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. सहकाऱ्यांनी पाहणी करायची म्हटले की आपल्याकडे गट, जात, संस्थाचालकाची मर्जी आणि तालुक्याचे राजकारण आत शिरणार. बहुपर्यायी प्रश्नपत्रिका निदान कोणाचे आडनाव विचारत नाही. हे खरे आहे, आणि मुक्तिमंडपातल्या सभेचा इतिहास त्याला पुरावा आहे. म्हणूनच एकाच माणसाच्या शेऱ्यावर कोणाची पात्रता टांगता कामा नये. दोन पाहणाऱ्यांपैकी एक दुसऱ्या तालुक्यातला असावा, पाहणीचे निकष आधी जाहीर असावेत, शेऱ्याची प्रत शिक्षकाच्या हातात द्यावी, त्याला उत्तर द्यायला आणि सुधारायला वर्षभर मिळावे, आणि पात्रता काढून घेण्याची पाळी आली तर १९८१ च्या नियमावलीसारखी चौकशी व्हावी. वेळ कुठून आणायचा हा तिसरा आक्षेप. कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज इतर कामे मना केली आहेत, तरी शिक्षक याद्या, ॲप आणि माहितीपत्रके भरण्यात दिवस घालवतो. त्यातले निम्मे काढले तरी ५० तास सहज सुटतील. आणि पैशाचे म्हणाल, तर केंद्रप्रमुखांची पदे आहेतच. त्यांना टपाल्याच्या कामातून सोडवून वर्गात बसवले की नवी पदे कमीच लागतील.

सध्याची मुदत ऑगस्ट २०२७ अखेर संपते. तोवर शिक्षकांनी अभ्यास करावा, परीक्षा द्यावी, यात मानहानी मानू नये. बहुतेक जण ती पार करतील. पण ती पार झाल्यावर पुन्हा कागद कपाटात आणि तीस वर्षे निवांत, असे झाले तर पुढच्या पिढीवर हाच प्रसंग नव्या नावाने येईल. राज्य सरकारने या दोन वर्षांतच शिक्षकांची नोंदणी परिषद, पाच वर्षांनी वर्गातल्या कामावर आधारलेले नूतनीकरण आणि त्यासाठी राखीव वेळ यांचा कायदा करावा. शिक्षक संघटनांनी सूट मागत बसण्यापेक्षा ही परिषद मागावी, कारण जो व्यवसाय आपल्या माणसांची पारख स्वतः करत नाही, त्याची पारख दुसरे कोणीतरी अडीच तासांत करते.